आमची वाटचाल : साखळीवर पैसे घालवणारे वेडे

तलावाच्या पलीकडच्या काठावर ‘येथील पहिले तरंगते निवास’ असा फलक आहे. फलक चांगला मोठा आहे, रात्री त्यावर दिवेही लागतात. तो वाचून आमच्याकडे आलेले पाहुणे हमखास विचारतात, ‘म्हणजे तुम्ही त्यांच्यानंतरचे का?’ आमची पहिली खोली पाण्यात उतरली तेव्हा त्या काठावर झुडपांशिवाय काही नव्हतं. एवढं एकदा लिहून ठेवतो, म्हणजे दर वेळी तोंडाची वाफ दवडायला नको.

सुरुवात दोघांनी केली, मी आणि आमच्या मिस्त्रींनी. मिस्त्रींची उमेदीची वर्षं बार्जदुरुस्तीत गेलेली. खोली दिसते कशी, यात त्यांना काडीचा रस नव्हता. मी गच्ची, खिडक्या, पडदे असले कागद पसरायचो आणि ते विचारायचे, “वजन किती?” एक घनमीटर पाणी बाजूला सारलं की १००० किलो तोललं जातं, वर एक किलोसुद्धा नाही. हिशेब सोपाच आहे. “पण शेठ, माणसं हिशेबाने बसत नाहीत,” ते म्हणायचे. “सूर्य बुडायला लागला की सगळी एकाच कठड्याला जाऊन उभी राहतात.” म्हणून पहिला पाहुणा येण्याआधी आम्ही एका बाजूच्या कठड्याला वाळूची पोती रचली, खोलीत आढ्याला ओळंबा टांगला आणि तो किती सरकतो ते जमिनीवर खडूने मांडलं. तो ओळंबा आजही ऑफिसात खिळ्याला लटकतोय. हल्ली हे काम मोबाइलवर होतं म्हणतात. होत असेल.

खालचे पाँटून, म्हणजे खोलीला तरंगत ठेवणारे पोकळ पेटारे, पोलादी घ्यायचे, हे त्यांनीच ठरवलं. आत आडव्या भिंती घालून कप्पे पाडलेले, प्रत्येक कप्पा स्वतंत्रपणे हवाबंद, म्हणजे एक गळला तरी बाकीचे खोली तोलून धरतात. कप्प्यात हवा भरून मिस्त्री साबणाच्या पाण्याचा ब्रश घेऊन जोडाजोडावरून फिरायचे. बुडबुडा दिसला की खडूने गोल करायचा, ग्राइंडर मारायचा, पुन्हा वेल्डिंग, पुन्हा साबण. यात इतके दिवस गेले की मला कर्ज देणारे फोन करू लागले.

“प्लॅस्टिकचे ड्रम का नाही लावत? स्वस्त पडतात,” असं तेव्हा प्रत्येकाने सुचवलं. स्वस्त पडतात, हे खरंच. पण २०० लिटरच्या ड्रमवर कागदावर जेवढं वजन येतं तेवढ्याची प्रत्यक्षात आशा धरू नये. दिवसा उन्हाने ड्रममधली हवा फुगते, रात्री आकसते, आणि आकसताना झाकणाच्या आट्यांतून पाणी थोडं थोडं आत ओढून घेते. ड्रम वरून कोरडाठाक दिसतो आणि आतून जड होत जातो.

आणखी एक प्रश्न ठरलेला, ‘दल सरोवरासारखी हाउसबोट का नाही बांधली?’ तिथल्या बोटी देवदाराच्या लाकडाच्या, आणि त्या लाकडाची निगा राखणारे पिढीजात कारागीर तिथे आहेत. केरळातल्या हाउसबोटीच्या, केट्टुवल्लमच्या, फळ्या तर खिळ्यांशिवाय, काथ्याने शिवलेल्या असतात. ज्याच्या त्याच्या हाताला जे येतं ते त्याने करावं. आमच्याकडे वेल्डर होता.

आता साखळीबद्दल. चार कोपऱ्यांना चार काँक्रीटचे ठोकळे तळाशी आणि तिथपर्यंत जाड साखळी, तीही गरजेपेक्षा बरीच लांब. या जादा लांबीवरून आमची यथेच्छ थट्टा झाली. ही जादा साखळी तळावर लोळत असते. वारा आला की खोली सरकते, पण सरकण्याआधी तिला ते सगळं लोखंड तळावरून उचलावं लागतं, आणि तेवढ्यात झटक्याचा जोर मरतो. ताणून बांधलेल्या दोराला ही सोयच नाही. पाणी चढलं की तो आणखी ताणतो, उतरलं की ढिला पडतो.

पलीकडच्या गृहस्थांनी आमच्या खोल्या बघून, आमच्याकडे दोन रात्री राहून, मिस्त्रींना ‘सहज’ प्रश्न विचारून आपलं काम सुरू केलं. ड्रम, नायलॉनचा दोर आणि एकेक टनाचे ठोकळे. काँक्रीट पाण्यात गेलं की त्याचं वजन घटतं, टनाचा ठोकळा तिथे सहाशे किलोसुद्धा भरत नाही. त्यातून खाली गाळ, म्हणजे तो घसरायला त्याहूनही कमी जोर पुरतो. उलट बाजूला ताशी ७२ किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला साधारण २५ किलोने रेटतो. सहा मीटर लांब आणि तीन मीटर उंच भिंत धरा आणि गुणाकार तुम्हीच करा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, हेही त्यात धरा. मिस्त्रींनी हे त्यांना जाऊन सांगितलं होतं. “तुमचा धंदा तुम्ही बघा,” असं उत्तर मिळालं.

वर त्यांचा लाउडस्पीकर. रात्री पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता वाकून पुन्हा पाण्याकडे येतो आणि दूरवर पोचतो. त्या काठावरचं गाणं आमच्या उशाशी वाजायचं. शांततेचे पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला हे शास्त्र समजावण्यात काय अर्थ आहे?

मग ती वळवाची रात्र. त्यांची सगळ्यात बाहेरची खोली ठोकळ्यासकट सुटली आणि थेट आमच्या तरंगत्या पुलावर येऊन आदळली. पुलाचे दोन सांधे तुटले, कठडा मुडपला. पण आमच्या साखळ्यांनी आमची खोली धरली आणि अंगावर येऊन पडलेली त्यांचीही धरली, पहाटेपर्यंत. त्यांच्या पाहुण्यांना मिस्त्रींनी लाइफ जॅकेट घालून एकेक करत आमच्याकडे ओढून घेतलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या फोटोत दोन खोल्या एकमेकींत घुसलेल्या दिसत होत्या आणि त्यातली नावाची पाटी फक्त आमची. झालं. बुकिंगं धडाधड रद्द झाली, तलावावरच्या सगळ्यांचाच परवाना थांबवला गेला, हप्ते मात्र थांबले नाहीत. मी मोटार विकली, मग जनरेटर विकायला काढला. मिस्त्रींनी पगार घ्यायचं बंद केलं आणि त्यावर बोलूही दिलं नाही.

वाचवलं ते त्यांच्या वहीने. साखळी सगळीकडे सारखी झिजत नाही. तळावरून ती जिथे सतत उठते आणि टेकते, तिथल्या कड्या आधी बारीक होतात. मिस्त्री पाणबुड्याला खाली धाडून त्याच कड्या कॅलिपरने मोजून घ्यायचे, साखळी जोडणाऱ्या शॅकलच्या पिनासुद्धा, आणि तारीखवार लिहून ठेवायचे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांपुढे त्यांनी ती तेलकट वही ठेवली. पुढचं बोलणं फार लांबलं नाही. परवाना आधी आम्हाला परत मिळाला. पलीकडच्यांनाही यथावकाश मिळाला, आता त्यांच्याकडेही साखळ्या आहेत. कुणाकडून शिकले, ते फलकावर लिहिलेलं नाही.

त्या काळात एकच बुकिंग टिकलं, आमच्या बाईंचं. निवृत्त शिक्षिका, अमावास्येच्या आसपास आकाश बघायला येतात. पहिल्या वेळी दुर्बिणीचा स्टँड घेऊन आल्या होत्या. तरंगती खोली कितीही बांधली तरी थोडी हलतेच, त्यामुळे तारा काही जागेवर राहीना. दुसऱ्या खेपेपासून त्या डेकवर उताणं पडून साध्या द्विनेत्रीतून बघतात. पायाशी लावलेले आमचे मंद लाल दिवे त्यांच्याच हट्टामुळे आले. लाल उजेडात अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. परवाना बंद असताना त्यांनी पुढच्या वर्षीचे पैसे आगाऊ पाठवले, सोबत चिठ्ठी, ‘खोली सुरू झाली की कळवा, नाही झाली तरी कळवा.’

नंतरची वर्षं बरी गेली. खोल्या वाढल्या.

नवीन मुलं हल्ली बघायला येतात, त्यांच्यासाठी थोडं. गोड्या पाण्यात पोलाद गंजण्यापासून वाचवायला मॅग्नेशियमचे अॅनोड, म्हणजे पोलादाऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, लावा, जस्ताचे समुद्रासाठी ठीक. मैल्याची टाकी खोलीच्या मध्यावर घ्या आणि तिच्यात आडपडदे घाला, नाहीतर अर्धी भरलेली टाकी आत हिंदकळून खोलीला झोके देते. ती उपसायला येणाऱ्या बोटीची वेळ पाहुणे उठण्याआधीची ठेवा. तलावात काहीही सोडू नका, अंघोळीचं पाणीसुद्धा नाही. आणि पडद्यांचं वजन धरा.

पाहुण्यांना एवढंच सांगणं, की अमावास्येची कडेची खोली मागू नका. बाईंनी यंदा जमणार नाही असं स्वतः कळवलं, तरच ती दुसऱ्याला मिळते.