सात, चौदा, एकवीस

गोव्यात बार्देशातल्या एका जुन्या वाचनालयाची ग्रंथसूची विनआयसिसमधून (ग्रंथालयांचा जुना प्रोग्रॅम, थोडक्यात आयसिस) कोहा या नव्या ग्रंथालय प्रोग्रॅममध्ये न्यायची होती. नोंदी सुमारे ११ हजार. मराठी, देवनागरी कोंकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी, पोर्तुगीज, इंग्रजी, सगळं एकाच फाइलीत. वाचनालयाने फाइल मेलने पाठवली आणि माझा पार्सर, म्हणजे नोंदी वाचून सुट्या करणारा प्रोग्रॅम, पहिल्याच नोंदीवर आपटला. नोंदीची लांबी जिथे असायला हवी तिथे आकडेच नव्हते.

फाइल आयएसओ २७०९ या साच्यातली. साचा जुना, पण हिशेबाला चोख. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला २४ बाइटचा लीडर असतो. त्याचे पहिले पाच आकडे म्हणजे संपूर्ण नोंदीची लांबी, आणि शून्यापासून मोजल्यास १२ ते १६ या जागांवरचे आकडे म्हणजे मजकूर कुठून सुरू होतो ते. लीडरनंतर डिरेक्टरी, म्हणजे फील्डची अनुक्रमणिका (फील्ड म्हणजे शीर्षक, लेखक असा नोंदीतला एकेक भाग). तिच्यात प्रत्येक फील्डला १२ बाइट: तीन टॅगचे (फील्डचा क्रमांक), चार लांबीचे, पाच सुरुवातीच्या जागेचे. ‘२००००३४०००५७’ हे वाचायचं असं: टॅग २००, लांबी ३४, मजकुराच्या ५७व्या बाइटपासून पुढे. म्हणजे सांगाडा ठरावीक मापाचा आणि आतला मजकूर हवा तेवढा लांब. आयसिस फील्ड संपल्याची खूण म्हणून ‘#’ टाकतं, त्यामुळे नोंदीच्या शेवटी ‘##’ येतं. ती खूणही लांबीत धरलेली असते. नऊ फील्डची नोंद असेल तर मजकूर २४ अधिक १०८ अधिक १ (डिरेक्टरी संपल्याची खूण), म्हणजे १३३वर सुरू व्हायलाच हवा.

त्यात आयसिसची स्वतःची एक खोड: निर्यात करताना नोंद ८०-८० बाइटच्या ओळींत तोडून लिहितं. लीडरमध्ये ००४९८ असेल तर ८०च्या सहा ओळी आणि शेवटची १८ची. ओळ तोडणारे बाइट लांबीत मोजलेले नसतात, म्हणून पार्स करण्याआधी ते काढून ओळी सांधायच्या.

फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली तेव्हा सुरुवातीलाच तीन बाइट उपरे दिसले: २३९, १८७, १९१. ही यूटीएफ-८ची (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीची) खूण, आयसिस ती कधी लिहीत नाही. वाचनालयात फोन केला. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, ‘‘अहो, आम्ही फाइल उघडून फक्त बघितली. ओळी नीट दिसत नव्हत्या म्हणून सेव्ह केली, बदललं काहीच नाही.’’ त्यांच्या परीने ते खरंच होतं. बदललं होतं ते फाइल उघडणाऱ्या टेक्स्ट एडिटरने.

ते तीन बाइट काढल्यावर पहिल्या दोन इंग्रजी नोंदी सुरळीत गेल्या. तिसरी पोर्तुगीज, तिच्यात मडगावचं नाव पोर्तुगीज स्पेलिंगने. सहा अक्षरं, त्यातल्या एका ‘ए’च्या डोक्यावर लाट. विंडोज १२५२ या जुन्या, दर अक्षराला एक बाइट देणाऱ्या संकेतात ते अक्षर एक बाइट घेतं (२२७), यूटीएफ-८मध्ये दोन. सहाचे सात झाले, लीडर मात्र जुनंच मोजमाप सांगत राहिला. एक बाइट सरकला की पुढच्या नोंदीचा लीडर चुकतो, आणि तिथून फाइलीच्या शेवटापर्यंत सगळा गोंधळ.

मराठी नोंदींत हा घोटाळा दामदुप्पट. मराठी मजकूर भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या इस्की संकेतात होता (आयएस १३१९४, १९९१ सालचं मानक). त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह १६१ ते २५०मधल्या एका बाइटचं. ‘म्हापसा’ म्हणजे म, हलन्त, ह, काना, प, स, काना: सात बाइट. एडिटरला इस्की ठाऊक नाही. त्याने त्यांना १२५२ची लॅटिन अक्षरं समजून यूटीएफ-८मध्ये लिहिलं, प्रत्येकाचे दोन-दोन बाइट, पहिला १९४ किंवा १९५. सातचे चौदा. खऱ्या युनिकोड देवनागरीत हाच शब्द एकवीस बाइटचा होतो. सात, चौदा, एकवीस: कुठलीही मराठी फाइल हाती आली की एखादा ओळखीचा शब्द असा मोजून बघावा. फाइल कुठल्या अवस्थेत आहे ते लगेच कळतं.

इथे सोपी वाट खुणावत होती: डिरेक्टरी सोडून द्यायची आणि ‘#’वर मजकूर तोडायचा. बरेच जण तेच करतात. मला ते पटत नाही. लांबीचे आकडे मूळ प्रोग्रॅमने, फाइल कुणाच्याही हाती लागण्याआधी लिहिलेले होते. मजकूर बिघडला की नाही हे सांगणारा दुसरा साक्षीदार नव्हता. त्यामुळे मजकुराप्रमाणे लांबी बदलायची नाही, लांबीशी जुळेपर्यंत मजकूर मागे न्यायचा.

मागे नेणं सरळ होतं: यूटीएफ-८ वाचायचं, १२५२मध्ये परत लिहायचं. १२५२शी बराचसा जुळणारा लॅटिन-१ संकेत वापरून चालत नाही. एका इंग्रजी शीर्षकात एन डॅश (हायफनपेक्षा लांब रेघ) होता, १२५२मध्ये तो १५०. लॅटिन-१मध्ये तो नाहीच, म्हणून तिथे एरर येते.

तरीही जवळजवळ निम्म्या नोंदी एक-दोन बाइटने तोकड्या. कुठे तोकड्या, हे डिरेक्टरीनेच दाखवलं. फील्डची सुरुवात अधिक लांबी वजा एक, या जागी ‘#’ म्हणजे ३५ असायला हवा. ज्या पहिल्या फील्डला तो नाही, बाइट तिथे हरवला. दहा-बारा ठिकाणं पाहिली, सगळी ओळीच्या टोकाला. ऐंशीवा बाइट जिथे रिकामी जागा होता, तिथे ओळ ७९ची. एडिटरने सेव्ह करताना ओळीअखेरच्या रिकाम्या जागा झाडून टाकल्या होत्या.

याचा उपाय नेमका आहे. जी ओळ ‘##’ने संपत नाही आणि ८०पेक्षा छोटी आहे, ती रिकाम्या जागांनी ८०पर्यंत भरायची, मगच ओळी सांधायच्या. अंदाज कुठेच करावा लागत नाही. पण क्रम महत्त्वाचा. आधी १२५२मध्ये परत, नंतर भरणं. मी प्रथम उलट केलं, तेव्हा मराठी ओळी दीडशे बाइटच्या दिसत होत्या आणि भरायचं काय तेच कळेना. त्यात तासभर गेला.

‘#’वर तोडलं असतं तर ही रिकामी जागा हरवल्याचं कळलंच नसतं. दोन शब्द चिकटले असते, ते एक वेळ चाललं असतं. पण एका फील्डमध्ये प्रतींचे दाखल क्रमांक सहा-सहा जागांच्या ठोकळ्यांत सलग होते. छोटा क्रमांक डावीकडे रिकाम्या जागा सोडून. त्यातली एक जागा गेली की पुढच्या सगळ्या प्रतींचे क्रमांक एका घराने सरकतात, आणि दिसायला अगदी खरे वाटतात.

मग कुठलं फील्ड इस्की आणि कुठलं पोर्तुगीज, हे ठरवायचं होतं. भाषेच्या कोडवर भागत नाही. गोव्यात कोंकणीचा कोड एकच, लिपी दोन. म्हणून बाइट पाहिले. फील्डमध्ये १६०च्या वरचे किमान तीन बाइट सलग असतील तर इस्की. दोनवर थांबलो असतो तर पोर्तुगीज शब्दांच्या शेवटी येणारी २३१-२२७ ही जोडी फसवून गेली असती. इस्कीत त्या जोडीचा अर्थ लागोपाठ दोन स्वरचिन्हं, ऑची आणि अॅची, जे देवनागरीत संभवत नाही.

इस्कीतून युनिकोड करताना प्रत्येक बाइट सुटा बदलून चालत नाही. लागोपाठ दोन हलन्त म्हणजे पाय मोडलेलं अक्षर, युनिकोडमध्ये हलन्तानंतर न जोडणारं अदृश्य चिन्ह. हलन्तानंतर नुक्ता (अक्षराखालचा टिंब) म्हणजे अर्धं अक्षर, तिथे जोडणारं अदृश्य चिन्ह. ‘दुसऱ्या’तला ऱ २०८ आणि त्यापुढे २३२ असा येतो, तो तसाच नेला की बरोबर उमटतो. सगळं बदलून झाल्यावर बाइट मोजायचे, अक्षरं नव्हे, आणि त्यावरून लीडर व डिरेक्टरी नव्याने लिहायची. लीडरच्या ९व्या जागी (शून्यापासून मोजून) लहान रोमन ‘a’ घालायचा, म्हणजे कोहाला कळतं की मजकूर युनिकोड आहे.

संध्याकाळपर्यंत सगळ्या नोंदींचे आकडे जुळले. तरी ४६ नोंदींची शीर्षकं वाचता येत नव्हती. बाइट जागच्या जागी, लांबी बरोबर, मजकूर निरर्थक. ती कधीतरी एखाद्या फाँटमध्ये थेट टाइप केलेली, तो फाँट आता कुणाकडे नाही. त्या नोंदींचे दाखल क्रमांक छापून बाइंकडे दिले. दाखल रजिस्टर काढून शीर्षकं पुन्हा टाइप करायला त्यांना दोन दुपारी लागल्या.