बासरी काही थांबत नाही

रविवार, रात्री पावणेबारा

आज कागदावर रेघा ओढत बसले होते. होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या ‘बेनी मोरा’ या वाद्यवृंदाच्या रचनेचा शेवटचा भाग लावला होता आणि त्यातली बासरीची ओळ किती वेळा येते, ते मोजायचं होतं. पन्नाशीच्या आसपास चुकले. छापील आकडा १६३ आहे. मुकाट मान्य केला.

होल्स्ट म्हणजे ग्रहांवरच्या ‘द प्लॅनेट्स’ या रचनेवाला. फार तर आपल्याकडे कुणीतरी सांगतं, की तो संस्कृत शिकला, ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावल्या, ‘सावित्री’ नावाचा ऑपेरा लिहिला. ‘बेनी मोरा’चं नाव सहसा निघत नाही. १९०८ मध्ये दम्यामुळे डॉक्टरांनी त्याला उबदार हवेत जायला सांगितलं, तर हा गडी अल्जीरियाला जाऊन वाळवंटात सायकल हाणत फिरला. (दम्याचा पेशंट!) तिथे बिस्क्रा गावात एक बासरीवाला एकच ओळ अडीच तास वाजवत होता. ती याच्या डोक्यात बसली.

पहिले दोन भाग नाचांचे. छान आहेत, पण पोस्टकार्डावरच्या चित्रासारखे. तिसऱ्याचं नाव ‘औलाद नाईलांच्या गल्लीत’. औलाद नाईल ही तिकडची जमात, तिच्यातल्या नर्तकी प्रसिद्ध होत्या. इथे मात्र होल्स्ट सजावट सोडून देतो. बासरी तशीच चालू, आणि गल्लीतून जाताना दर दारातून वेगळा ताल कानावर यावा तसे नाचाचे तुकडे येतात, एकमेकांवर चढतात, विरून जातात.

कॉलेजात असताना मी कथकच्या क्लासला पेटीवर लेहरा धरायचे, म्हणजे नाचाला ताल दाखवणारी एकच धून फिरून फिरून वाजवायचे. सगळ्यांचे डोळे पायांवर. पेटीवालीकडे बघतो कोण? पण ती जरा डगमगली की सगळ्यांची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गेली. म्हणून ही बासरी ऐकताना मी आपोआप समेची वाट बघत राहिले. मला तरी ती सापडली नाही. लेहरा नाचणारीला घरी आणून सोडतो. या बासरीला कोण आलं, कोण गेलं, याचं काहीच नाही.

१ मे १९१२ ला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये होल्स्टने स्वतः हे वाजवून घेतलं, तेव्हा काहींनी फिस्स करून नापसंती दाखवली. एका समीक्षकाने तर लिहिलं, की बिस्क्राच्या नाचणाऱ्या पोरी लँगम प्लेसला (म्हणजे क्वीन्स हॉल होता तिथे) नकोत. व्हॉन विल्यम्स या त्याच्या मित्राचं म्हणणं वेगळं: हेच पॅरिसला वाजलं असतं तर युरोपभर नाव झालं असतं. मला मित्राचं पटतं, पण मित्रच तो.

त्या बासरीवाल्याचं मात्र नावही कुठे नाही. अडीच तास! पेटीवर माझी बोटं वीस मिनिटांत भरून यायची.