लेकीचा कल ‘गणवेशधारी सेवा’

आमची मोठी २०१८ साली दहावीला होती. मुलांची आवड कुठल्या क्षेत्रात आहे ते पाहणारी बोर्डाची कल चाचणी राज्यात २०१६ पासून सुरू झालेली, त्यामुळे हिलाही ती द्यावी लागली. अहवाल आला तर सगळ्यात वर ‘गणवेशधारी सेवा’, खाली वाणिज्य. घरात नुसती हसाहशी. झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी मुलगी म्हणे फौजदार होणार! सासूबाई तर तिला ‘साहेब’ म्हणूनच हाक मारू लागल्या.

तालुक्याच्या शाळेत पूर्णवेळ समुपदेशक कुठून असणार? भूगोलाच्या सरांकडेच ते जादा काम. त्यांनी पालकांना घेऊन ये म्हणून सांगितलं आणि मला मात्र व्हरांड्यात बसवलं. रागच आला. आत काय झालं ते तिनेच नंतर सांगितलं. सरांनी अहवाल बाजूला ठेवला आणि विचारलं, “हे पर्याय निवडताना डोळ्यांसमोर काय होतं तुझ्या?” ही कबड्डी खेळायची. मैदान, पहाटेचा सराव, संघातल्या मुली, एवढंच होतं. बदल्या, रात्रीची ड्युटी, बंदोबस्त हे तिच्या गावीही नव्हतं. सरांनी तेही सगळं काढलं. तरी तिचं “हो”च होतं.

मग मला आत बोलावलं. सरांनी एका पाठकोऱ्या कागदावर लिहूनच दाखवलं. पोलीस भरतीला बारावी लागते, शाखा कुठलीही चालते. बारावीनंतर सैन्यात अधिकारी व्हायचं तर एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, पण ती तेव्हा मुलींना बंद होती. मात्र पदवीनंतर सीडीएस ही सैन्यातल्या अधिकारीपदाची परीक्षा देऊन चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, जाता येतं. हवाई दलात विमान चालवायचं असेल, तर मात्र बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवंच. “गणित झेपतं का?” सरांनी विचारलं. झेपत होतं. घरात महिनाभर चाललेला कॉमर्स की सायन्स हा वाद तिथेच मिटला. सायन्स करून पुढे कॉमर्सला जाता येतं, उलटं जमत नाही. अकरावीचा प्रवेश वगैरे मग सहज झाला.

पुढे २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली, तोवर ही वयात बसेना. तिच्यापेक्षा मीच जास्त हळहळले. बीएस्सी झाली, आता सीडीएसची तयारी चालू आहे.

धाकटा यंदा नववीत आहे. सर निवृत्त झाले, ते काम आता चित्रकलेच्या बाईंकडे आहे. दिवाळीनंतर त्यांची वेळ घ्यायची आहे.