अकरा ट्यूबा

आजोबांनी पिशवी टेबलावर उपडी केली. अकरा ट्यूबा. शेपटाकडून गुंडाळत आणलेल्या, शेवटचा थेंबही न सोडलेल्या. तीन वर्षांत गावातल्या मेडिकलवाल्याने दिलेल्या. बहुतेक सगळ्यांत स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र. लावलं की चार दिवस खाज थांबायची, मग पुन्हा तेच.

"कुठं खाजतंय, आजोबा?"

"जाग्यावर." एवढं बोलून ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. डॉक्टर बाईमाणूस आहे म्हणून याआधी दोनदा दारातून परत गेले होते, हे मला नंतर त्यांच्या मुलाकडून कळलं.

अंडकोशाच्या डाव्या बाजूला तळहाताएवढा लाल चट्टा. कड रेखल्यासारखी, मधूनमधून ओलसर, वर पांढुरके पापुद्रे. बुरशी जांघेत पसरते आणि अंडकोश बहुधा सोडून देते. इथे नेमकं उलट होतं. ते दिसत असूनही मी स्टेरॉइड बंद करून बुरशीच्या गोळ्या लिहिल्या आणि महिन्याने बोलावलं. मेडिकलवाल्याला काय बोलणार? तो महिना माझ्या खात्यावर आहे.

महिन्याने चट्टा जिथल्या तिथे. मग भूल देऊन चार मिलिमीटरचा तुकडा काढला. पाचव्या दिवशी पॅथॉलॉजिस्टचा फोन. "मॅडम, पॅजेट आहे." म्हणजे कातडीचा एक कॅन्सर. त्वचेच्या वरच्या थरात फिकट, फुगीर पेशी, मूठभर दाणे फेकावेत तशा विखुरलेल्या. ग्रंथींच्या पेशी ओळखणारा सीके-७चा रंग त्या पेशींनी घेतला होता, मेलॅनोमाचा, म्हणजे रंगपेशींच्या कॅन्सरचा, नाही. पॅजेटनी स्तनाग्राचा आजार १८७४ साली मांडला आणि क्रॉकरनी अंडकोश-शिश्नावरचा १८८९ साली, हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. पेशंट मात्र हा पहिलाच.

हा कॅन्सर कधी कधी आतल्या दुसऱ्या कॅन्सरची खूण असतो. म्हणून प्रोस्टेट, मूत्राशय, गुदाशय, सगळं तपासून घेतलं. काही सापडलं नाही.

"समदं काढत्यात का?" त्यांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हळूच विचारलं.

"वरची कातडी जाईल, आजोबा. आतलं तसंच राहील."

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

हा आजार दिसतो त्याच्या पलीकडेही पसरलेला असतो. ऑपरेशन चालू असतानाच कडेचे तुकडे गोठवून तपासायला जात होते. दोनदा निरोप आला, "अजून आहे." सर्जननी दोनदा आणखी कातडी घेतली. शेवटी मांडीची पातळ कातडी आणून लावली. टाके निघाल्यावर आजोबांचा एकच प्रश्न : मोटरसायकलवर कधी बसायचं?

दर तीन महिन्यांनी येतात. आता न सांगता टेबलावर चढतात, कॅलेंडरकडे बघत नाहीत. परवा लावलेल्या कातडीच्या कडेला डाळीच्या दाण्याएवढा लाल ठिपका दिसला. घामोळं असेल, चोळामोळा झाला असेल. त्यांनी सवयीने विचारलं, "ट्यूब देता का?"

नाही दिली. तुकडा काढून पाठवलाय. रिपोर्ट शुक्रवारी येईल.