पुण्यात जुळवलेली ई २२०: वायरिंग हार्नेस बदलले, आता उरलेली कामे

मागील नोंदीत गाडीची तक्रार जेथे सोडली होती, तेथूनच पुढे लिहितो. १९९६ सालची मर्सिडीझ-बेंझ ई २२०, डब्ल्यू १२४ बांधणीची, २१९९ सीसीचे चार सिलिंडरचे एम १११ इंजिन. थंड असताना पहिल्याच सेल्फला सुरू होणारी ही गाडी इंजिन तापल्यावर सिग्नलला उभी राहिली की आयडलिंग वरखाली करू लागे, मध्येच मिस मारे, आणि पावसाळी हवेत तर तिचा पिकअप निम्म्यावर येई. आधीच्या मालकांनी गाडीबरोबर बिलांची जाड फाइल दिली होती. प्लग, प्लगच्या वायरी, एअर मास मीटर, पेट्रोल पंप, एक इग्निशन कॉइल असे बरेच काही बदलले गेले होते. मात्र कोणता भाग कोणत्या मापनावरून सदोष ठरवला, याचा उल्लेख एकाही बिलावर नव्हता. जुन्या आलिशान गाड्या मालकाला बुडवतात असे जे म्हटले जाते, त्याचे खरे कारण माझ्या मते या फाइलीत आहे. सुटे भाग महाग असतात हे खरेच, पण अंदाजाने बदललेले सुटे भाग त्याहून महाग पडतात.

या गाडीबाबत एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यायला हवी. मर्सिडीझ-बेंझने टेल्कोबरोबर (पुढची टाटा मोटर्स) १९९४ साली भारतात कंपनी स्थापन केली आणि १९९५ पासून पिंपरी-चिंचवड येथे डब्ल्यू १२४ जुळवण्यास सुरुवात केली. जर्मनीत ही बांधणी १९८४ सालच्या अखेरीस आलेली होती आणि १९९५ मध्ये तिची जागा डब्ल्यू २१० घेत होती. म्हणजे आपल्याकडच्या गाड्या त्या मालिकेच्या अगदी शेवटच्या टप्प्यातील. शेवटच्या टप्प्याचे फायदे पुष्कळ, पण साधारण १९९२ ते १९९५ या काळातील इंजिन हार्नेसचा, म्हणजे इंजिनावरील वायरींच्या जुडग्याचा, कुप्रसिद्ध दोषही त्याच टप्प्याबरोबर येतो. पर्यावरणाला कमी घातक ठरावे म्हणून त्या काळात वायरींवर जे आवरण वापरले गेले, ते इंजिनच्या उष्णतेत काही वर्षांनी ठिसूळ होऊन गळून पडते. त्यामुळे १९८८ ची २३० ई चालवणाऱ्या मित्राला जी व्याधी ठाऊकही नसते, ती तिच्याहून नव्या ई २२० ला हमखास जडलेली असते.

इंजिन नियंत्रक संगणकाने, म्हणजे ईसीयूने, नोंदवलेले फॉल्ट कोड आधी वाचले. १९९३ नंतरच्या डब्ल्यू १२४ मध्ये बोनेटखाली डायग्नोसिस सॉकेट असते आणि योग्य जोडणी केल्यास एलईडीच्या लुकलुकण्यावरून कोड मोजता येतात. एकदाच लुकलुकले तर नोंदलेला दोष नाही, असा त्याचा अर्थ. या गाडीने कूलंट तापमान सेन्सर, एअर मास मीटर आणि कॅमशाफ्टचा हॉल सेन्सर या तिघांवरही ठपका ठेवला. येथेच बहुतेक गॅरेजांत तीन नवे सेन्सर मागवले जातात. परंतु एकमेकांशी काहीही संबंध नसलेले तीन भाग एकाच सुमारास बिघडण्यापेक्षा, त्या तिघांना जोडणारी एखादी सामाईक गोष्ट बिघडलेली असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. सामाईक गोष्टी तीनच: विद्युतपुरवठा, अर्थिंग आणि हार्नेस. चार्जिंगचे व्होल्टेज १४ च्या आसपास स्थिर होते. सेल्फ मारताना बॅटरीचा ऋण टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यातील व्होल्टेजचा फरक नगण्य होता, म्हणजे अर्थिंगची जाड पट्टीही निर्दोष. हार्नेस तेवढे उरले.

संशय पक्का केला तो कूलंट सेन्सरच्या मापनाने. हा सेन्सर तापमान वाढेल तसा आपला रोध कमी करतो: २० अंशांना सुमारे अडीच किलोओम आणि ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास ओम. गाडी गरम करून बंद केली, सेन्सरचे कनेक्टर काढून थेट त्याच्या पिनांवर मोजले, तेव्हा आकडा जेथे असायला हवा तेथे, ३२५ ओमवर होता. मग कनेक्टर परत लावून, ईसीयूचा प्लग काढून, त्या टोकाकडून तेच मापन घेतले. तेथे २१० च्या आसपास आकडा दिसला आणि हार्नेस इनटेकजवळ हाताने किंचित दाबताच तो नाचू लागला. सेन्सर तोच, तापमान तेच, आणि तरीही ईसीयूपर्यंत पोहोचणारी बातमी वेगळी. वायरीवर वायर लागून प्रवाह मधल्या मध्ये गळत असल्याखेरीज असे होऊ शकत नाही. ही चाचणी करण्यास साधा मल्टिमीटर पुरतो आणि नवा सेन्सर घेण्याआधी ती प्रत्येकाने करावीच. उच्च व्होल्टेजने वायरीचे आवरण तपासणारा मेगर लावण्याचा मोह मात्र ईसीयू जोडलेला असताना कोणीही करू नये.

मिस मारण्याचे कोडे या इंजिनात जरा गमतीदार पद्धतीने सुटते. एम १११ मध्ये दोन कॉइल असून प्रत्येक कॉइल दोन सिलिंडरांना एकाच वेळी ठिणगी देते. एक आणि चार यांची जोडी, दोन आणि तीन यांची दुसरी. त्यामुळे एकच सिलिंडर मिस मारत असेल तर प्लग, त्याची वायर किंवा इंजेक्टर यांच्याकडे पाहावे. पण जोडीतील दोन्ही सिलिंडर एकत्र बंद पडत असतील, तर दोष कॉइलमध्ये किंवा तिच्या प्रायमरी वायरीत असतो. इंजिन चालू असताना एकेका इंजेक्टरचे कनेक्टर काढून पाहिले. दोन क्रमांकाचे काढले तरी फरक नाही, तीन क्रमांकाचे काढले तरी नाही. एक आणि चार काढताच मात्र इंजिन कोलमडू लागले. कॉइल तर नवीच होती. म्हणजे त्या बिलातील कॉइल निर्दोष कॉइलच्या जागी बसवलेली होती. येथे एक सावधगिरीची सूचना: प्रायमरी वायर शॉर्ट होऊ लागली की ईसीयूमधील कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर जळू शकतो, आणि ईसीयूची किंमत पाहता अशी गाडी 'चालते आहे तोवर' चालवत राहणे परवडणारे नाही.

हार्नेस बाहेर काढून बाकावर ठेवले आणि बाहेरची काळी नळी लांबीच्या दिशेने चिरली. इंजेक्टरांकडे जाणाऱ्या फाट्यांत वायरींचे आवरण शिळ्या पापडासारखे मोडून हातात येत होते आणि आत तांबे उघडे पडलेले होते. काही ठिकाणी ते हिरवटही झाले होते. ईसीयूच्या पेटीत, म्हणजे उष्णतेपासून दूर असलेल्या टोकाला, तीच वायर जवळजवळ नव्यासारखी लवचिक होती. म्हणून हार्नेसची तपासणी करताना ईसीयूकडील टोक पाहून समाधान मानू नये. इंजेक्टर आणि कॉइल यांच्या कनेक्टरामागची रबरी टोपी सरकवून, तेथील वायर बोटाने हळूच वाकवून पाहावी.

तयार नवे हार्नेस परदेशातून मागवता येते, पण किंमत आणि आयात शुल्क पाहून मी हाताने बांधण्याचा मार्ग पत्करला. एका प्लायवूडच्या फळीवर जुने हार्नेस पसरून, प्रत्येक वळणावर आणि फाट्यावर खिळे ठोकले, प्रत्येक वायरीचा रंग, जाडी आणि दोन्ही टोकांचे पिन क्रमांक वहीत उतरवले आणि मगच पहिली वायर कापली. वायर निवडताना आवरणाची तापमानक्षमता हा पहिला निकष ठेवावा. घरगुती पीव्हीसी वायर बोनेटखाली कितीही स्वस्त पडली तरी निरुपयोगी. तपकीर गल्लीत फिरल्यावर टेफ्लॉन आवरणाची बारीक वायर आणि चांगल्या प्रतीची हीट श्रिंक स्लीव्ह मिळाली. इंजेक्टरांची कनेक्टर आणि पिना नाना पेठेतील एका दुकानात सापडल्या, कारण त्याच धाटणीची कनेक्टर इतर अनेक गाड्यांतही वापरली जातात. जुन्या वायरींची जाडी कमी करू नये, विशेषतः कॉइलच्या पुरवठ्याची. नॉक सेन्सरची (इंजिनातील ठोके ओळखणाऱ्या सेन्सरची) वायर शील्ड असलेलीच घ्यावी आणि तिची शील्ड मूळ जागीच अर्थ करावी. जोड सोल्डरने करावेत की क्रिम्पने, म्हणजे पकडीने दाबून, यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. थरथरणाऱ्या इंजिनावर सोल्डर केलेली वायर जोडाच्या कडेशी तुटते, त्यामुळे पिनांसाठी योग्य जबड्याच्या पकडीने केलेला क्रिम्पच मी ग्राह्य धरतो.

हार्नेस बदलून थांबणाऱ्यांची एक फसगत हमखास होते. इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटल अ‍ॅक्च्युएटरच्या आतील वायरी त्याच काळातील, त्याच आवरणाच्या असतात. बाहेरून केबल धडधाकट दिसते, पण कवच उघडल्यावर आत उघडे तांबे दिसते. ते काम हार्नेसपेक्षा नाजूक आहे, कारण जागा अरुंद, जोड बारीक आणि सोल्डरिंग आयर्न क्षणभर जास्त टेकले तर प्लास्टिक वितळते. सवय नसेल तर हे काम टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराकडून करून घ्यावे. मोटार वायरमनपेक्षा त्याचा हात येथे अधिक उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

सर्व जोडल्यावर गरम इंजिनाची दोन्ही मापने जुळली, कोड पुसल्यावर पुन्हा आले नाहीत आणि चारही सिलिंडर कामाला लागले. आयडलिंगची किंचित लहर मात्र राहिली. इंधनाचा दाब आयडलिंगला सुमारे ३.३ बार आणि रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर ३.९ च्या आसपास असल्याने पंप व रेग्युलेटर वगळता आले. मग इनटेकमध्ये कमी दाबाने धूर सोडून पाहिला, तेव्हा क्रँककेस ब्रीदरच्या (इंजिनातील वाफा इनटेककडे नेणाऱ्या नळीच्या) रबरी कोपऱ्यातून, अगदी खालच्या बाजूने, धुराची रेघ निघाली. मास मीटरने न मोजलेली हवा तेथून आत शिरत होती. कोपरा बदलला, लहर गेली. याच ओघात इंधनाच्या सर्व रबरी नळ्याही बदलल्या. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता सर्वत्र आले असल्याने तीस वर्षांच्या रबरावर विश्वास ठेवण्याचे काही कारण उरलेले नाही.

एसीची तक्रार वेगळीच निघाली. गॅसचा दाब ठीक, कॉम्प्रेसर ठीक, तरी व्हेंटमधून कोमट हवा येत होती. या गाडीत हीटरकडे जाणारे गरम पाणी एक विजेवर चालणारा व्हॉल्व्ह अडवतो, आणि त्याला वीज मिळाली नाही किंवा आतील पडदा फाटला, तर तो उघडाच राहतो. जर्मनीच्या हिवाळ्यात ही सोय सुज्ञ वाटते. मे महिन्यातल्या पुण्यात ती शिक्षा ठरते. परीक्षा सोपी आहे: हीटरची रबरी नळी क्लॅम्पने हलकेच चिमटावी, आणि काही मिनिटांत हवा गार झाली तर कॉम्प्रेसरवाल्याकडे न जाता व्हॉल्व्हच उघडावा. त्याचा आतील भाग सुटा मिळतो, पूर्ण व्हॉल्व्ह घेण्याची गरज पडत नाही.

तापमानाचा काटा घाटात शंभराच्या दिशेने सरकत होता. गरम इंजिन बंद करून हाताने फिरवल्यावर व्हिस्कस फॅन, म्हणजे तापल्यावर क्लचने इंजिनाशी जखडला जाणारा पंखा, विरोध न करता मोकळा फिरला, म्हणजे क्लच संपलेला. शिवाय कंडेन्सरपुढील विजेच्या पंख्यांचा कमी वेग मुळीच चालत नव्हता. त्या वेगासाठी मालिकेत जोडलेला रोधक जळालेला होता, आणि पंखे केवळ फार तापल्यावर, एकदम पूर्ण वेगाने सुरू होत. दोन्ही दुरुस्त झाल्यावर काटा खंबाटकीच्या चढालाही नव्वदीच्या आत राहतो. कूलंट निम्मे पाणी, निम्मे मर्सिडीझच्या ३२५.० मानकाचे, पाणी डिस्टिल्ड.

सेंट्रल लॉकिंगचे काम अर्धे झाले आहे. येथे दारे विजेच्या मोटरीवर नव्हे, तर मागच्या सीटखालील पंपाच्या हवेवर चालतात. बंद करताना पोकळी, उघडताना दाब. दारे लॉक झाल्यावरही पंप बराच वेळ घरघरत राहिला की कोठेतरी गळती आहे असे समजावे आणि तो जळण्याआधी एकेका दाराची नळी बंद करून पाहावे. डावीकडील मागचे दार दोषी ठरले, त्यातील अ‍ॅक्च्युएटरचा पडदा चिरलेला आहे. पेट्रोलच्या झाकणाचा अ‍ॅक्च्युएटरही याच नळ्यांवर असतो, तो तपासायचा राहिला आहे.

पुढील कामांत पुढच्या खालच्या बॉल जॉइंटना प्रथम क्रमांक देत आहे, कारण तेथे खडखडाट सुरू झाला आहे आणि तो भाग निखळला तर चाकच दुमडते. इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे एसीच्या हवा गार करणाऱ्या जाळीत, अद्याप गळती आढळलेली नाही. डब्ल्यू १२४ मध्ये तो बदलण्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून तूर्त गॅसमध्ये यूव्ही रंग घालून ठेवला आहे आणि पाणी निचरा होणाऱ्या नळीच्या टोकाशी अधूनमधून यूव्ही दिवा मारून पाहतो. तेथे हिरवी चमक दिसली, तरच डॅशबोर्डला हात लावणार.