बेटावरचा काळा घोडा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा स्नेहसंमेलने, सहली आणि छड्या यांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच, असे गृहीत धरून मी आपल्या चित्रकलेच्या सरांनी दाखवलेल्या एका चित्रपटाविषयी लिहायचे ठरवले. ‘द ब्लॅक स्टॅलियन’ हे त्याचे नाव. वॉल्टर फार्ली यांच्या १९४१ सालच्या कादंबरीवरून कॅरोल बॅलर्ड यांनी तो १९७९ साली दिग्दर्शित केला. आम्ही तो पाहिला भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. सभागृहाच्या खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला होता आणि मागच्या मुलांना दिसावे म्हणून टीव्हीखाली टेबलावर टेबल चढवले होते.

आमचे इंग्रजी पाचवीत सुरू झालेले, त्यामुळे संवाद डोक्यावरून जात होते. जहाजावर पत्त्यांच्या डावात जिंकलेला घोड्याचा छोटा पुतळा वडील आपल्या मुलाला, अलेकला, देतात आणि सिकंदराच्या ब्युसेफेलस घोड्याची गोष्ट सांगतात, तो भाग सरांनी टीव्हीशेजारी उभे राहून मराठीत समजावला. पुढे जहाज बुडाले, मुलगा आणि घोडा निर्जन बेटाला लागले आणि सर खाली येऊन आमच्यात बसले, कारण त्यानंतर जवळजवळ अर्धा तास या चित्रपटात कोणी बोलतच नाही. लाटा, वारा, टापा आणि घोड्याचा श्वास एवढेच ऐकू येते आणि त्यावर अधूनमधून संगीत. त्या अर्ध्या तासात वर्गातला पहिला आणि शेवटचा मुलगा सारख्याच हुशारीने चित्रपट पाहत होते. ध्वनिसंकलनासाठी ॲलन स्प्लेट यांना विशेष ऑस्कर मिळाले होते, हे मला फार नंतर कळले.

पुढे मी पशुवैद्य झालो. (त्याचे श्रेय या चित्रपटाला देता येणार नाही, घरी म्हशी होत्या, तेवढे कारण पुरेसे होते.) मात्र दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात बुजरी जनावरे हाताळताना बेटावरचा एक प्रसंग नेहमी डोळ्यांपुढे येतो. मुलगा समुद्रातले शेवाळ घोड्यापुढे करतो. घोडा मान लांबवतो, थबकतो, मागे सरतो, पुन्हा येतो. कॅमेरा दूरच थांबतो आणि घाई कोणालाच नसते. घोड्याला आपल्या नाकासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही, त्यामुळे समोरून अंगावर चालून जाणारा माणूस त्याला धोकाच वाटतो. त्याला हुंगू द्यावे, कानांकडे लक्ष ठेवावे आणि तो येईपर्यंत उभे राहावे, हे आम्हाला महाविद्यालयात शिकवले गेले, पण ते मी आधी पाहिलेले होते. अलेकचे काम करणारा केली रेनो कोलोरॅडोतल्या पशुपालक कुटुंबातला मुलगा होता आणि त्याला घोड्यांची सवय होती, हे त्याच्या हालचालींत दिसते. तो पहिल्यांदा घोड्यावर बसतो तेही समुद्राच्या पाण्यात, जिथे पडले तरी लागत नाही आणि घोड्यालाही उधळता येत नाही.

बेटाचे चित्रीकरण इटलीतल्या सार्डिनिया बेटावर झाले. मुख्य घोडा कॅस ओले नावाचा अरबी वळू होता. त्याच्या अंगावरच्या पांढऱ्या खुणा रंग लावून काळ्या कराव्या लागल्या होत्या.

उत्तरार्ध मला तेव्हाही थोडा कमी आवडला होता आणि आजही कमीच आवडतो. मुलगा घरी परततो, मिकी रूनी यांनी रंगवलेला जुना प्रशिक्षक भेटतो आणि शर्यतीची तयारी सुरू होते. रूनी यांचे काम उत्तमच आहे आणि शर्यतही चुरशीची आहे, पण बेटावर जो घोडा कोणाच्याच मालकीचा नव्हता, त्याला जिंकायला लावताना चित्रपट इतर चित्रपटांसारखा होतो.

महोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमांत जागा असेल, तर हा चित्रपट पाचवी ते सातवीच्या मुलांना पुन्हा दाखवावा, अशी व्यवस्थापनाला विनंती आहे. मुले इंग्रजी माध्यमातली असोत वा मराठी, बेटावरच्या भागात त्यांना कोणीही काही समजावून सांगू नये.