तुले यानाबी पगार भेटस?

हा प्रश्न आमच्या जिभाऊंचा. जिभाऊ म्हंजे माझे मोठे काका, चोपडा तालुक्यात केळी लावतात, आणि एकदा लंच ब्रेकमधे त्यांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी हौसेनं फोन मायक्रोस्कोपच्या भिंगाला लावून त्यांना एक किडा दाखवला, साडेचार मिलिमीटरचा, काळा, डोळे बटाट्यासारखे बाहेर आलेले, आणि सांगितलं की पाच महिने झाले मी ह्याच्यावरच काम करतेय. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मला वाटलं नेट गेलं. मग विचारलं, "तुले यानाबी पगार भेटस?"

भेटतो जिभाऊ. फार नाही पण भेटतो.

बर्लिनला येऊन आता दोन वर्षं झाली आणि गावाकडं अजून अर्ध्या लोकांना वाटतं मी औषध कंपनीत आहे, उरलेल्यांना वाटतं मी फवारणीच्या लाइनमधे आहे, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. मी किड्यांच्या नव्या जातींचं वर्णन लिहिते. जात म्हंजे स्पीशीज, दुसरं काही नाही, आपल्याकडं हा शब्द उच्चारला की लगेच आडनाव विचारतात.

माझा किडा म्हंजे रोव्ह बीटल, मराठीत सांगायचं तर आखूड पंखांचा भुंगेरा. जर्मन लोक पण त्याला कुर्त्सफ्ल्यूगलर म्हणतात, म्हंजे तेच, आखूड पंखवाला. पण खरं सांगायचं तर पंख आखूड नसतातच, आखूड असतं ते वरचं टणक झाकण, हुमणीच्या भुंगेऱ्याच्या पाठीवर असतं ना ते, ह्याचं कंबरेपाशीच संपतं आणि मागचं अख्खं पोट उघडं राहतं. उडायचे खरे पंख चांगले लांब असतात आणि त्या एवढ्याशा झाकणाखाली घड्या घालून कोंबलेले असतात. डाव्या पंखाची घडी वेगळी, उजव्याची वेगळी, आणि घडी घालायला तो पोट वर उचलून पोटानंच पंख आत ढकलतो. मी पहिल्यांदा व्हिडिओत हे बघितलं तेव्हा मला आमची माय आठवली, दिवाळीच्या आधी सगळ्या गोधड्या एकाच ट्रंकेत बसवताना गुडघा लावून दाबणारी.

ह्या एका कुळात आत्तापर्यंत साठ हजारांहून जास्त जाती नोंदवल्यात. जगातले सगळे पक्षी मिळून अकरा हजारांच्या आसपास जाती भरतात, आता तुम्हीच बघा. आणि दरवर्षी नव्या निघतातच आहेत.

तुम्ही हा किडा बघितलाय, फक्त बघितलाय हे माहीत नाही. उकिरडा उकरला की सुळकन पळतात ते बारीक लांबुडके काळे, शेणाची पो उलटवली की खाली असतात ते, केळीचा घड कापल्यावर जो खांब शेतातच पडून सडतो त्याच्या सोपटात असतात ते. घाबरला की पोटाचं टोक विंचवासारखं वर करतो म्हणून पोरं विंचवाचं पिल्लू समजून चप्पल मारतात. नांगी नसते त्याला. शेणातले बरेचसे तर माश्यांच्या अळ्या खातात, म्हंजे आपल्या कृषीवाल्यांच्या भाषेत मित्रकीटक.

एक मात्र आहे त्यांच्यातला, त्याच्याशी माझी लहानपणापासूनची ओळख. मी आठवीत होते, श्रावणातली रात्र, पाऊस थांबलेला, लाइट नुकतीच आलेली आणि ट्यूबलाइटखाली हा असा किड्यांचा सडा. मानेवर काहीतरी वळवळलं, मी झोपेतच चिरडलं. दुसऱ्या दिवशी काही नाही, तिसऱ्या दिवशी मानेवर लाल पट्टा, त्यावर पाण्याचे फोड, आणि आग म्हंजे आग. आजी म्हणाली कोळी मुतला. मायनी बघितलं आणि म्हणाली, "नागीण शे ती, काव लाव." झालं, आठ दिवस मानेला काव फासून शाळेत, आणि वर्गातल्या पोरी विचारतात की नागिणीची दोन्ही तोंडं एकत्र आली का गं.

नागीण नव्हती आणि कोळीही नव्हता. तो पेडेरस होता, अर्धा नारिंगी अर्धा काळा, मुंगळ्याएवढा, झाकण निळसर चमकतं. चावत नाही, डंख मारत नाही, त्याच्या रक्तात पेडेरिन नावाचं विष असतं आणि आपण त्याला चिरडलं की ते कातडीला लागतं. त्यातही गंमत म्हंजे ते विष तो स्वतः बनवतच नाही, त्याच्या पोटात राहणारे जिवाणू बनवतात, आणि मुख्यतः माद्यांमधे असतं. नागीण हा वेगळाच आजार, कांजिण्यांचा विषाणू अंगात दडून बसलेला असतो तो पुढं कधीतरी उठतो. तेव्हा पावसाळ्यात अंगावर लाल-काळा किडा बसला तर मारू नका, फुंकर मारा नाहीतर कागदावर घेऊन बाहेर सोडा, चिरडलाच तर लगेच साबणानं धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. काव कुणीही फासू नका. माय वाचत असेल तर सॉरी.

तर कामाचं. मी ज्या निसर्ग-इतिहासाच्या म्युझियममधे बसते ते बर्लिनच्या इन्व्हॅलिडेनश्ट्रासे ह्या रस्त्यावर आहे, भुयारी रेल्वेच्या स्टेशनलाच म्युझियमचं नाव आहे. पब्लिक येते ती डायनोसॉर बघायला, तेरा मीटरहून उंच सांगाडा दारातून आत गेलं की समोरच, आणि मी बाजूच्या दारानं आत जाते जिथं कपाटंच कपाटं. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४५ मधे, बॉम्ब पडून इमारतीचा पूर्वेकडचा भाग गेला आणि तो पुन्हा उभा राहिला थेट २०१० मधे. ह्याच म्युझियममधे एरिक्सन नावाचा माणूस काम करायचा, त्यानं १८३९-४० मधे ह्या भुंगेऱ्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, सगळा लॅटिनमधे. आणि मला तो वाचावा लागतो. बारावीला संस्कृत घेतलं असतं तर बरं झालं असतं असं कधी वाटलं नव्हतं, आता विभक्ती दिसली की वाटतं.

लोकांना वाटतं नवीन जात सापडते म्हंजे जंगलात, टॉर्च घेऊन, अंगावर जळवा. माझी सापडली ड्रॉवरमधे. नेपाळच्या डोंगरात कुणीतरी तीसेक वर्षांपूर्वी ओला पाचोळा चाळणीनं चाळला, जे निघालं ते कार्डाला चिकटवलं, खाली तांदळाएवढ्या अक्षरात जागा, उंची, तारीख लिहिली आणि ठेवून दिलं. वंश (म्हंजे जीनस, जातीच्या वरची पायरी) माहीत होता, स्टेनस, पण जात कुठली ते बघायला कुणाला वेळ नव्हता, कारण एकट्या स्टेनसच्याच तीन हजारांहून जास्त जाती आहेत आणि दिसायला बहुतेक सगळ्या सारख्याच, काळ्या, बटाटेडोळ्या. खालचा ओठ बाणासारखा बाहेर फेकून बारीक किडे पकडतात, सरड्यासारखं. म्हंजे जिवंतपणी रुबाब आहे, पण मेल्यावर ड्रॉवरमधे सगळे एकच.

ओळखायचं कसं तर नराच्या जननेंद्रियावरून. हो. घरी हे सांगताना मी "आतला एक अवयव" म्हणते. कुलपाची किल्ली जशी तशी दर जातीची त्याची ठेवण वेगळी. त्यासाठी वाळलेला किडा कोमट पाण्यात भिजत घालायचा (चवळी भिजवल्यासारखा, फक्त रात्रभर नाही), मऊ झाला की मायक्रोस्कोपखाली बारीक चिमट्यानं पोटाच्या टोकातून तो भाग ओढून काढायचा, साफ करायचा, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून सगळ्या बाजूंनी चित्र काढायचं आणि मग एका छोट्या कार्डावर चिकटवून त्याच टाचणीला खाली टोचायचं, म्हंजे ताटातूट होत नाही. हा भाग माझ्या किड्यात अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त भरतो.

आणि तो मी हरवला. माझ्याकडं चांगला नर एकच होता. चित्र व्हायचं होतं, चिमट्यात धरला, जरा जास्त दाबला आणि उडदाची डाळ बोटातून उडते तसा टुणकन उडाला. मी नुसती ओरडले, मराठीतच. शेजारी बसणाऱ्या बाई, साठीच्या, ह्या कामात आयुष्य गेलेल्या, त्यांनी जागेवरूनच हुकूम दिला की कुणीही हलायचं नाही, आणि मग आम्ही दोघी टॉर्च आडवा धरून आधी टेबल, मग खुर्ची, मग जमीन, गुडघ्यावर, तीन तास. शेवटी माझ्या स्वेटरच्या बाहीवर मिळाला, लोकरीत अडकलेला. मला रडायलाच आलं. तोवर दीड वर्षं त्या बाई मला जर्मनमधलं 'तुम्ही' म्हणायच्या आणि मी त्यांना, इथं तसंच असतं, आपल्याकडं चुलतआजीलासुद्धा तू म्हणतो ते इथं चालत नाही, मोठ्या माणसानं स्वतः सांगावं लागतं. त्या दिवशी त्यांनी गुडघे झटकले, चहा आणला आणि म्हणाल्या, आता 'तू'च म्हण. व्हिसा मिळाला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

पण खरी कटकट त्याच्यापुढं आहे. आपल्याला नवीन वाटतोय म्हंजे नवीन नव्हे, ह्याला आधी कुणी नाव दिलेलं नाही हे बघून घ्यावं लागतं, आणि त्यात महिने जातात. ब्रिटिश नौदलात डॉक्टर असलेला माल्कम कॅमेरॉन म्हणून एक होता, डेहराडूनला राहून काम केलेला, त्यानं १९३० ते १९३९ मधे भारतातल्या ह्या भुंगेऱ्यांवर खंडामागून खंड काढले. वर्णनं बरी आहेत पण त्या काळी तो आतला अवयव काढून बघायची पद्धत फारशी नव्हती, मग नुसत्या शब्दांवरून कळत नाही, त्याचे मूळ किडे लंडनच्या म्युझियममधून मागवावे लागतात. ते येतात पोस्टानं, डब्यात डबा, मधे फोम, आणि टाचणीवर लाल कडेची गोल चिठ्ठी, 'टाइप'. ती चिठ्ठी बघितली की माझा हात आपोआप हळू होतो.

टाइप म्हंजे काय हे जिभाऊंना समजावताना मला मोजणीचा दगड आठवला. बांधाचा वाद झाला की मोजणीवाला येतो आणि आधी हद्दीचा दगड शोधतो, बरोबर? तसंच नव्या जातीचं वर्णन छापताना एकच किडा ठरवायचा, होलोटाइप, नाव त्याला बांधलेलं. पुढं शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर माझं लिखाण बाजूला ठेवून तो किडा बघतील. जिभाऊ लगेच म्हणाले, आणि दगडच कुणी हलवला तर? १९४५ ची गोष्ट सांगितली. बॉम्बचं ऐकून गप्प बसले.

किडे कपाटात किती वाट बघतात ह्याचा एक नमुना सांगते. चार्ल्स डार्विननं १८३२ मधे अर्जेंटिनात बाहिया ब्लांका इथं एक भुंगेरा पकडला, ह्याच कुळातला, हिरवा चमकणारा. तो लंडनला गेला, कुठंतरी हरवला, मग दुसऱ्या किड्यांबरोबर उसनवारीत एका अमेरिकेतल्या संशोधकाकडं पोचला, आणि २०१४ मधे, डार्विनच्या वाढदिवसाला, त्याचं वर्णन छापून आलं, डार्विनायलस नावाचा नवा वंशच. १८२ वर्षं. माझ्या किड्याची तीस म्हंजे काहीच नाही.

आता सगळ्यांचा प्रश्न, नाव काय ठेवलं. ते इथं लिहिणार नाही, कारण रीतसर वर्णन छापून यायच्या आधी नाव असं सोडून दिलं की ते नियमात धरत नाहीत आणि पुढं गोंधळ होतो. स्वतःचं नाव द्यायला तशी बंदी नाही पण सगळे हसतात. जिभाऊंचा आग्रह खान्देशचं नाव द्यायचा. किडा नेपाळचा, नाव खान्देशचं, कसं चालेल. "मंग आठला लिही जाय ना," म्हणाले, म्हंजे इथला घेऊन जा.

ते पण होत नाही. मागच्या पावसाळ्यात घरी आले होते तेव्हा मृगबागेच्या, म्हंजे मृगात लावलेल्या केळीच्या, कडेला सडक्या खांबाची सोपटं काढत बसले, तर अर्ध्या तासात चार-पाच तऱ्हेचे पळताना दिसले, एक तर मला वंशसुद्धा ओळखता आला नाही. बॅगेत एक छोटी बाटली होती. नाही भरली. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, परदेशातल्या संस्थेसाठी इथले जीव न्यायचे तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि भारतात सापडलेल्या नव्या जातीचा नमुना इथल्याच ठरलेल्या संस्थेत जमा करावा लागतो. कागदांचा कंटाळा येतो पण मला हे पटतं. कॅमेरॉनचे डेहराडूनचे किडे बघायला मला लंडनला पत्र लिहावं लागतं, ते काय बरोबर आहे का.

तेव्हापासून जिभाऊंनीच काम हातात घेतलंय. व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी फोटो. पहिले दहा-बारा सगळे शेपटीला चिमटा असलेले, ते वेगळे, इअरविग, पाठीवरचं झाकण त्यांचंही आखूड म्हणून कुणीही फसतं. मी सांगितलं चिमटा दिसला की सोडून द्या. मग आकार कळावा म्हणून बाजूला काडेपेटीची काडी ठेवा म्हटलं, तर आता प्रत्येक फोटोत काडी, एकदा तर नुसतीच काडी आली.

परवा आला तो फोटो मात्र खरा होता. खांबाचं ओलं सोपट, काडी, आणि काडीच्या पुढं एक काळी अस्पष्ट रेघ, पोट वर उचललेलं. खाली व्हॉइस मेसेज, "हाऊ शे का तुना किडा?" मी लिहिलं, हो हो हाच, जिभाऊ अजून एक काढा, जवळून, डोकं दिसू द्या. पाच मिनिटं टायपिंग टायपिंग दिसत राहिलं.

"पयी गया ना तो."